नर्मदा ते मही : पूल, त्यांचे वय आणि त्यांचा खर्च

बडोदे शहर विश्वामित्रीच्या काठी वसले असले, तरी बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध जोडून ठेवण्याचे काम दुसऱ्याच दोन नद्यांवरील पुलांनी केले आहे. दक्षिणेस भरुचजवळ नर्मदा आणि वायव्येस वासदच्या बाजूला मही. मुंबई-पुण्याहून बडोद्यास येणारा पाहुणा, त्याचे टपाल, मराठी ग्रंथांची आणि मासिकांची पार्सले ही सारी नर्मदा ओलांडून येत. अहमदाबादकडे किंवा काठेवाडकडे जाणाऱ्यास महीखेरीज वाट नव्हती. संस्थानी काळापासून आजपर्यंत या दोन नद्यांवर जे पूल झाले, त्यांतील काहींची बांधणीची कथा पुष्कळांना ठाऊक असते. बांधून झाल्यावर त्यांची देखरेख कोणी केली, त्यासाठी पैसा कोठून आला, आणि तो कधी आला नाही, हा भाग मात्र सहसा लिहिला जात नाही. वस्तुतः पुलाचे आयुष्य याच भागावर ठरते.

नर्मदेवरील पहिला रेल्वे पूल बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजेच बी. बी. सी. आय. ने, इ. स. १८६० मध्ये उभा केला. या रेल्वेचे अभियंते कर्नल जे. पी. केनेडी यांनी आपल्या मार्गावरील मोठ्या नद्यांसाठी एकच नमुना ठरवला होता. नदीच्या वाळूत स्क्रूसारखे फिरवून बसवलेले लोखंडी खांब आणि त्यांवर साठ-साठ फुटांच्या लोखंडी तुळया, अशी ती रचना. पुढच्याच वर्षी गाडी बडोद्यास पोहोचली. काम झटपट झाले. परंतु नर्मदा ही नमुन्याबरहुकूम वागणारी नदी नव्हे. पावसाळ्यात तिचे पात्र खरवडले जाई, खांबांभोवतीची वाळू निघून जाई आणि दर काही वर्षांनी पुलाचे गाळे वाहून जात. इ. स. १८७६ च्या पुरानंतर रेल्वेने डागडुजीचा नाद सोडला आणि नवाच पूल बांधावयाचे ठरवले. सर जॉन हॉकशॉ यांच्या आराखड्याप्रमाणे १८७७ च्या अखेरीस काम सुरू झाले व मे १८८१ मध्ये पूल पुरा झाला. त्याची लांबी सुमारे चौदाशे मीटर, खर्च पंचेचाळीस लाख रुपयांच्या वर. योगायोग असा की, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभाराची संपूर्ण सूत्रे आली तेही हेच वर्ष.

या पुलाला लोक 'सोन्याचा पूल' म्हणू लागले. पुढे इंग्रजीतही 'गोल्डन ब्रिज' हेच नाव रूढ झाले. नावाची उपपत्ती अशी सांगतात की, आधीच्या पुलाच्या वारंवार दुरुस्त्या आणि मग हा नवा पूल यांवर एवढा पैसा गेला की, तेवढ्यात सोन्याचाच पूल झाला असता. म्हणजे हे नाव कौतुकाने पडलेले नाही, उपहासाने पडलेले आहे. खर्चाची थट्टा लोकांच्या जिभेवर राहिली, आणि ज्या पुलाची थट्टा झाली तो एकशेचाळीस वर्षे वापरात राहिला. शेजारी रेल्वेचा नवा 'सिल्व्हर जुबिली' पूल १९३५ मध्ये सुरू झाल्यावर जुन्या पुलावरून पुढे मोटारी व गाड्या जाऊ लागल्या. अंकलेश्वर आणि भरुच यांच्या दरम्यानची दैनंदिन रहदारी त्याने तेव्हापासून जुलै २०२१ पर्यंत वाहिली. त्या महिन्यात शेजारचा नर्मदा मैया पूल खुला झाला आणि जुन्या पुलास वाहनांपुरती विश्रांती मिळाली.

एवढ्यावरून 'इंग्रजांचे काम ते इंग्रजांचे काम' असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. तो फसवा आहे. जे जुने पूल पडले, वाहून गेले, ते आज दिसत नाहीत. जे टिकले तेच डोळ्यांसमोर राहतात आणि त्यांवरून आपण सगळ्यांची परीक्षा करतो. नर्मदेवरचा १८६० चा पूलही इंग्रजांनीच बांधला होता. सोन्याच्या पुलाच्या दीर्घायुष्याची कारणे काही अंशी बांधणीत असली, तरी बऱ्याच अंशी ती रेल्वेच्या रिवाजात होती. रेल्वेच्या दृष्टीने पूल हे कमाईचे साधन. पूल बंद पडला तर त्याच दिवशी उत्पन्न बुडते, हे प्रत्येक अधिकाऱ्यास कळत असे. म्हणून पुलाची नोंदवही असे. ठरावीक मुदतीने लोखंड खरवडून रंग दिला जाई. रिव्हेट सैल झाला की काय हे हातोडी मारून आवाजावरून पाहिले जाई. खांबांवर पाण्याच्या धोक्याची खूण रंगवलेली असे आणि पावसाळ्यात जोखमीच्या पुलांवर रात्रंदिवस पहारेकरी बसे. यात बुद्धीची चमक कोठेच नाही. तीच ती कामे, त्याच त्या वेळी, वर्षानुवर्षे करीत राहणे, एवढेच.

शिवाय रेल्वेजवळ त्यासाठी वेगळा पैसा होता. १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प सरकारच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वेगळा काढण्यात आला, तेव्हाच घसारा निधीही स्थापन झाला. वस्तू जुनी होते म्हणजे तिची किंमत दरसाल थोडी थोडी झिजते, आणि ती झीज भरून काढण्याइतकी रक्कम दरसाल बाजूला ठेवली पाहिजे, हे दुकानदारास कळणारे तत्त्व रेल्वेच्या हिशेबात आले. रस्त्यांच्या हिशेबात ते तेव्हा आले नाही आणि पुढेही फारसे आले नाही. सरकारी जमाखर्च रोखीचा असतो. पूल बांधताना झालेला खर्च त्या वर्षी दिसतो. नंतर तो पूल दरसाल किती झिजला हे कोणत्याच रकान्यात दिसत नाही. कागदावर तो नवाच राहतो.

रस्त्यांसाठी पैसा कोठून आणावा हा प्रश्न हिंदुस्थानात पहिल्यांदा पद्धतशीरपणे हाताळला तो एका मराठी गृहस्थाने, ही गोष्ट या निमित्ताने नमूद करण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. बैलगाड्यांसाठी केलेले खडीचे रस्ते रबरी चाकांखाली उखडू लागले. प्रांतांजवळ आणि जिल्हा बोर्डांजवळ पैसा नव्हता. १९२७ मध्ये मध्यवर्ती सरकारने रस्तेविषयक समिती नेमली. बॅ. मुकुंदराव जयकर तिचे अध्यक्ष होते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले ते हेच जयकर. समितीने १९२८ च्या आपल्या अहवालात मांडले की, रस्ते हा आता केवळ स्थानिक विषय राहिलेला नाही आणि जो रस्ता वापरतो त्याच्याकडूनच रस्त्याचा पैसा यावा. त्यानुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी निर्माण झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस, जिची पुलांविषयीची मानके आजही प्रमाण मानली जातात, तिचे मूळही याच विचारात आहे.

जयकर समितीची दृष्टी दूरची होती. परंतु तिच्यातून निघालेल्या निधीचा ओघ मुख्यतः नव्या बांधणीकडे आणि मोठ्या सुधारणांकडे वळला; नित्याची देखभाल प्रांतांनी आपल्या खर्चाने करावी अशीच अपेक्षा राहिली. त्या वेळी ते गैर नव्हते, कारण देशात मोटारींसाठी बांधलेले मोठे पूलच थोडे होते. चूक पुढच्या काळात झाली. पूल वाढत गेले, पण अपेक्षा तीच राहिली.

याच सुमारास बडोदे संस्थानात निराळ्या क्षेत्रात एक निराळी पद्धत चालू होती. महाराजांनी १९१० नंतर गावोगाव ग्रंथालये उघडण्याची जी योजना चालवली, तिच्यात गावाने जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी असा नियम होता. आणि ही मदत वर्षासनासारखी दरसाल मिळे. ग्रंथालय एकदा उघडून भागत नाही. वर्गणी, बांधणी आणि पुस्तकांची झीज ही दरसालची असते, हे त्या योजनेत गृहीत धरले होते. ग्रंथालयाचे काम केलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावयास नको. कपाटाच्या उद्घाटनास देणगीदार मिळतो. वाळवी लागलेल्या पुस्तकांच्या फेरबांधणीस मिळत नाही.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. रस्ते व पूल राज्याच्या मार्ग व मकान विभागाकडे आले. राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्राची. पंचवार्षिक योजनांचा तो काळ. सरकारी खर्चाची तेव्हा 'योजना' आणि 'योजनेतर' अशी विभागणी असे. नवा पूल हा योजनेतील खर्च, म्हणजे विकास. जुन्या पुलाची दुरुस्ती हा योजनेतर खर्च. पगार, निवृत्तिवेतन, व्याज यांच्याच रांगेतला. काटकसरीचे फर्मान निघाले की कात्री प्रथम योजनेतर खर्चावर चाले. आणि पगार व व्याज कापता येत नसल्यामुळे ती रंगावर, बेअरिंगवर आणि सांध्यांवर चाले. कोणी ठरवून पुलांची उपेक्षा केली असे नाही. हिशेबाच्या रकान्यांनीच ती घडवून आणली. ही विभागणी २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून बंद झाली, म्हणजे सुमारे साडेसहा दशके ती चालली. मध्यंतरी बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना रस्ते आणि पूल यांच्या देखभालीसाठी चार वर्षांत मिळून पंधरा हजार कोटी रुपयांचे वेगळे अनुदान सुचवले. देखभालीची आबाळ होत आहे ही जणू अधिकृत कबुलीच होती.

याच काळात बांधणीचे साहित्यही बदलले. दगडी कमानी आणि लोखंडी तुळया मागे पडल्या. सलोह काँक्रीट आणि त्यानंतर पूर्वताणित काँक्रीट आले. लोखंड गंजते हे सर्वांना दिसते, म्हणून त्यास रंग दिला जातो. काँक्रीट दगडासारखे दिसते, म्हणून त्यास काही करावे लागत नाही असा समज अभियंत्यांतही बराच काळ होता. प्रत्यक्षात काँक्रीटच्या पोटातही लोखंडच असते. हवेतील कार्बन डायॉक्साइड आणि खाऱ्या हवेतील क्षार हळूहळू आत झिरपतात. लोखंडास गंज चढतो. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. ताणलेल्या तारांच्या पुलात तर बाहेर तडा दिसण्याआधीच तार तुटलेली असू शकते. मुंबई व वाशी यांच्यामधील ठाणे खाडीचा १९७३ चा पहिला पूल अशा तारांच्या गंजामुळे फार लवकर आजारी झाला आणि १९९७ मध्ये त्याच्या शेजारी दुसरा पूल खुला करावा लागला. गोव्यात पणजीजवळचा मांडवीवरील नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचाही नव्हता. नवा पूल होईपर्यंत पणजीकरांनी पुन्हा फेरीबोटींवर दिवस काढले.

मांडवीचा पूल कोसळला त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, बडोदे जिल्ह्यात महीवर एक पूल वाहतुकीस खुला झाला होता. पादरा तालुक्यातील मुजपूर आणि पलीकडे, तेव्हाच्या खेडा व आताच्या आणंद जिल्ह्यातील, गंभीरा या दोन गावांना तो जोडत असे. लांबी सुमारे नऊशे मीटर, खांब तेवीस. चरोतरातील गावांना पादऱ्याच्या कारखान्यांकडे आणि बडोद्याच्या बाजारपेठेकडे येण्याची जवळची वाट झाली. पण पुलाचा लाभ तेवढाच राहिला नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, पेट्रोरसायन उद्योग, भरुच-दहेजच्या बाजूचे कारखाने यांची वाढ होत गेली, तसतशी सौराष्ट्र आणि दक्षिण गुजरात यांच्यामधील अवजड वाहतूक वासदचा महामार्ग टाळून या जवळच्या वाटेने जाऊ लागली. दोन तालुक्यांना जोडणारा पूल न बोलता प्रांतांना जोडणारा पूल झाला. त्याची नोंदवहीतील पायरी मात्र वाढली नाही.

पुलाच्या अवस्थेविषयी तक्रारी होत्या. पूल हादरतो असे गावकरी सांगत. भागातील एका जिल्हा पंचायत सदस्याने २०२२ मध्ये लेखी कळवले होते. पाहणी झाली, खड्डे बुजवण्यात आले. जुन्या पुलाला समांतर असा २१२ कोटी रुपयांचा नवा पूलही मंजूर झाला. नवा पूल मंजूर होणे म्हणजे जुन्याची चिंता मिटणे, असा एक गोड भ्रम सर्वत्र असतो. नवा तयार होईपर्यंतची सर्व वर्षे जुन्यालाच काढावयाची असतात, आणि ती त्याच्या आयुष्यातील सर्वांत जोखमीची वर्षे असतात.

९ जुलै २०२५ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास दोन खांबांमधील गाळा निखळून महीच्या पात्रात पडला. त्याबरोबर ट्रक, लहान गाड्या, दुचाकी खाली गेल्या. वीसवर माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एकाच कुटुंबातील लहान मुले होती. एक टँकर तुटलेल्या काठावर पुढची चाके लोंबकळत राहिला आणि तो तसा जवळजवळ महिनाभर होता. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मार्ग व मकान विभागाचे चार अभियंते निलंबित झाले. प्राथमिक कारण म्हणून शासनाने खांबावरील पेडेस्टल आणि तुळयांचा सांधा चिरडला गेल्याचे सांगितले. हा भाग समजून घेण्यासारखा आहे. अशा पुलात एका तुळईचे टोक दुसरीच्या पुढे काढलेल्या टोकावर टेकलेले असते. तो सांधा अरुंद, अंधारा आणि हात न पोहोचणारा असतो. वरचे डांबर गळके असले की पाणी नेमके तेथेच उतरते. वरून जाणाऱ्या मनुष्यास तो कधीच दिसत नाही. शिडी, मचाण किंवा पुलाखाली झुलणारा पाळणा घेऊन जो मुद्दाम पाहावयास जाईल त्यालाच दिसतो. वरचे खड्डे बुजवल्याने त्या सांध्यास काडीचाही आधार मिळत नाही.

वरवरच्या दुरुस्तीचे आणखी दारुण उदाहरण गुजरातेतच त्याआधी घडून गेले होते. मोरबीचा संस्थानकालीन झुलता पूल हा महामार्गावरचा नव्हे. पण दुरुस्तीनंतर तो उघडला आणि चारच दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, तुटून १३५ लोक दगावले. विशेष तपास पथकाला असे आढळले की, मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच तुटलेल्या असाव्यात. चालण्याच्या जागेवरील फळ्या मात्र नव्या होत्या.

महाराष्ट्रात महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात गेला. एस. टी. च्या दोन गाड्या आणि आणखी वाहने अंधारात नदीत गेली. त्यानंतर एक कथा घरोघर फिरली : इंग्रजांच्या कंपनीने म्हणे पत्र पाठवून पुलाचे आयुष्य संपल्याचे कळवले होते. अशी कथा कमीअधिक फरकाने अनेक पुलांविषयी सांगतात. तिच्या खरेपणापेक्षा ती इतकी आवडते कशामुळे, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या पुलाची आठवण कोणीतरी, निदान सातासमुद्रापलीकडे, वहीत ठेवत असेल अशी इच्छा तिच्यात आहे. महाडला नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. मनात आणले म्हणजे पैसा आणि वेग दोन्ही मिळतात, याचा तो पुरावा आहे. दुर्घटनेआधीच्या पाहणीस त्याचा शतांश मिळाला असता तर, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि विरून गेला.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची एकत्र नोंद करणारी भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. प्रत्येक पुलास क्रमांक, त्याच्या अवस्थेस गुणांक, अशी ती रचना. रेल्वेच्या जुन्या नोंदवहीचेच आधुनिक रूप म्हणावे असे. गंभीरा पूल मात्र राज्याचा होता. २०२५ च्या दुर्घटनेनंतर गुजरात शासनाने राज्यभर पुलांची तपासणी करवली आणि अनेक पूल अवजड वाहनांस किंवा सर्वच वाहतुकीस बंद केले. एका आठवड्यात एवढे पूल अयोग्य ठरू शकतात, तर आदल्या आठवड्यात ते योग्य कसे होते, याचे उत्तर कोणत्याही निलंबनात मिळत नाही.

बंद पूल हाही एक खर्चच असतो. तो फक्त सरकारच्या वहीत न लिहिता लोकांच्या खिशात लिहिला जातो. गंभीरा पडल्यावर चरोतरातून पादऱ्याच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगारांना आणि अलीकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना उमेटा किंवा वासदचा लांब वळसा पडला. पेट्रोलावरील उपकर, ज्याची सुरुवात जयकरांच्या दोन आण्यांपासून झाली आणि ज्याला २००० साली स्वतंत्र कायद्याचे रूप आले, तो त्या वळशातही ते भरीतच होते. किंबहुना वळसा लांबला तसा अधिक भरीत होते.